हवा येते कुठून, जाते कुठून

४ मार्च, मंगळवार

परत बंद पडला! आज सोळाव्या वाक्याला.

आधी तो घोंघों आवाज वाढत जातो – विमान धावपट्टीवर पळायला लागावं तसा – आणि मग फट्‌कन सगळं शांत. पडदा काळा. ‘बागेत पिवळी फुलं’ इथपर्यंत संगणकानं ऐकलं. ‘फुलली आहेत’ हे मी काळ्या पडद्यालाच सांगितलं. हे दारात उभे होते. म्हणाले, “झालं? घातलं फुलांना पाणी?” हसू आलं. मग रडूही आलं, पण थोडंच.

सत्तावीस तारखेला ऑपरेशन. गाठ स्वरयंत्राला अशी चिकटून बसली आहे की तेही काढावं लागणार. डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं, दुसऱ्या वेळी मी त्यांच्या टायकडे बघत होते. तर त्याआधी माझा आवाज संगणकात भरून ठेवायचा आहे. हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी एक मुलगी आहे – मी मनात तिला वाचाताई म्हणते – तिनं वाक्यांची लांबलचक यादी दिली. ती सगळी म्हणून ठेवली की त्यावरून संगणक माझा आवाज घडवणार. पुढे मी टाईप करायचं आणि त्यानं माझ्या आवाजात बोलायचं. आणखी एका तऱ्हेनं पुन्हा बोलायला शिकताही येतं म्हणाली. “पण काकू, तो आवाज हा नसेल.” सरळ सांगितलं. म्हणून आवडली मला ती.

आता अडचण अशी की माझा आवाज सकाळीच बरा असतो, दुपारपासून घोगरा होतो. आणि नेमका सकाळी हा डबा विमान होतो! जी वाक्यं कशीबशी पुरी होतात त्यांच्याखाली लाल अक्षरं उमटतात – मागे फार आवाज आहे, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणते. पुन्हा लाल.

५ मार्च

लेकीचा फोन. “आई, सरळ नवीन घे ना! कशाला त्या खटाऱ्याशी झटतेस?” बघते म्हटलं. म्हणजे नाही. आधी उघडून तर बघू दे, आत काय आहे.

६ मार्च, गुरुवार

दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आलो. जिना चढून वर, चपलांच्या दुकानावर. दुकानदार चाळिशीचा, कानावर पेन्सिल खोचावी तसा पेचकस खोचलेला. त्याचं नाव पेचकसच ठेवते.

त्यानं आधी डब्यावरचं कव्हर हातात घेतलं. पांढरं सुती, कडेला मी स्वतः दोरे काढून केलेली जाळी, कोपऱ्यांत जाईची फुलं. मिशनच्या शाळेत शिवणाच्या सिस्टरनी शिकवलेलं सगळं त्यात ओतलं आहे.

“काकू, हे काय?”

“कव्हर. धूळ बसू नये म्हणून.”

“चालू असतानाही घालता?”

“पुढून घालते. मागून उघडं असतं.”

“आणि मागे काय आहे?”

“मागे भिंत आहे,” हे म्हणाले. मला विचारलं होतं, पण यांना राहवलं नाही.

पेचकसनं बाजूचा पत्रा काढला आणि कपाळाला हात लावला. आत धुळीचा राखाडी नमदा! पंख्याच्या पात्यांवर, तारांच्या वेण्यांवर, सगळीकडे. “उशी भरेल हो एक,” म्हणाला. मग ब्रशनं साफ करत करत एकेक गोष्ट दाखवली. आम्ही आयुष्यभर ज्याला सीपीयू म्हणत आलो तो डबा म्हणजे सीपीयू नव्हेच. सीपीयू म्हणजे आतली एवढीशी चिप. डबा म्हणजे नुसतं कॅबिनेट. भाग सगळे धड आहेत. कॅबिनेट वाईट आहे – पुढून सपाट प्लॅस्टिक, हवा आत शिरायला खाली बोटभर फट, बाहेर जायला मागे एकच पंखा.

“याचा श्वास कोंडतोय, दुसरं काही नाही. नवीन कॅबिनेट घाला, हवा खेळू द्या, अजून पाच वर्षं काढेल.”

मी गळ्याला रुमाल बांधून बसले होते. त्याला काय माहीत.

पण एक गोष्ट त्यानं सांगितली ती घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिली. हवा मिळाली नाही की चिप तापते, चिप तापली की पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो, आणि तो गोंगाट त्याचा. हवा नीट मिळाली तर पंखे संथ फिरतात, संथ फिरले की आवाज करत नाहीत. म्हणजे मी इतके दिवस जे ऐकत होते ते यंत्राचं बोलणं नव्हतं, धाप होती! इतकी साधी गोष्ट. साठी उलटल्यावर कळली.

८ मार्च

दिवसभर कॅबिनेटं बघितली, संगणकावर. (खिडकीत ठेवून, पत्रा काढून, टेबलफॅन समोर लावून. तसा चालतो, पण मग रेकॉर्डिंग कसलं करता!) काय एकेक प्रकार! एकाला पुढून काच, आत सात रंगांचे दिवे – लग्नाच्या हॉलसारखं. काचेतून हवा कुठून जाणार? कडेच्या चिरेतून, म्हणे. म्हणजे दार बंद आणि किल्लीच्या भोकातून श्वास.

मी एक निवडून ठेवलं होतं. आतून जाड स्पंज लावलेलं, चारी बाजूंनी बंद. ‘अत्यंत शांत’ असं लिहिलेलं. मला शांतच हवं आहे ना! यांना दाखवलं. यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेली. चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटं बघितलं.

“पंपाला गोधडी गुंडाळलीस तर गप्प होईल. थोडा वेळ. मग जळेल.”

“मग काय घेऊ?”

“पाणी असो, हवा असो, दोन प्रश्न विचारायचे. येतं कुठून? जातं कुठून? ज्याला दोन्हीची उत्तरं नाहीत ते घ्यायचं नाही.”

चाळीस वर्षांत यांनी मला पंपाबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

तेव्हा जाळीचं. पुढचं सगळं तोंड जाळीचं असतं अशी कॅबिनेटं आहेत. लेक म्हणते, “आई, तुला एवढं काय पडलंय त्या डब्याचं?” सांगितलं नाही तिला, इथे लिहिते. तारीख डॉक्टरांनी ठरवली. काय काढायचं, काय ठेवायचं, तेही त्यांनीच. मला कोणी काही निवडायला सांगितलेलं नाही. हा डबा मात्र मी निवडणार.

१० मार्च, सोमवार

पेचकसकडे तीन कॅबिनेटं मांडून ठेवायला लावली होती. पर्समधून पातळ कागदाची पट्टी काढली. तो बघतच राहिला.

ही पट्टी सिस्टरची. पाठांतराच्या सिस्टर – उंच, काटकुळ्या, हातात नेहमी खडूची पेटी. वर्गात एकेकीला उभं करून ओठांसमोर अशी पट्टी धरायच्या. कविता म्हणताना पट्टी फडफडली की गुण कापले! “हवा वाया घालवायची नाही. हवा पोटातून, आवाज कपाळातून, हनुवटी वर.” मला वर्षानुवर्षं पहिलं बक्षीस. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, कधीच नाही, ती कवितेच्या मधेच हसायची. अजून हसते.

तर पट्टी घेऊन मी पंखे लावायला सांगितले आणि एकेका डब्याभोवती फिरले. काचवाल्यासमोर पट्टी ढिम्म. स्पंजवाल्याच्या खालच्या फटीशी जराशी थरथरली. जाळीवाल्यासमोर – चप्प! जाळीला जाऊन चिकटली, सोडवावी लागली. आणि मागे नेली तर ताठ होऊन बाहेरच्या बाजूला उडायला लागली. पुढून आत, मागून बाहेर. नदीसारखं. मी चार वेळा पुढेमागे करून बघितलं. लहान मुलीसारखी मजा वाटत होती.

पेचकस म्हणाला, “काकू, एवढं तपासून तर पोरगीही बघत नाहीत लोक.”

“पोरगी स्वतः बोलते. हे गप्प बसणार आहे, म्हणून बघायला नको?”

तो हसला. मग शंका विचारल्या. जाळीतून धूळ नाही का जाणार? जाते, पण जाळीमागे बारीक गाळणी असते, महिन्यातून एकदा काढून नळाखाली धुवायची, चहाच्या गाळणीसारखी. आणि आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे, म्हणजे डब्यात हवा थोडी जास्तच राहते, ती फटींतून बाहेरच निघत राहते, धुळीला फटींतून आत यायला जागाच देत नाही. वा! भरल्या पोटी मोह होत नाही तसं.

एकच जाळीवालं उरलं, पण त्याला खाली ठेंगणे पाय. हे खाली वाकून बघत म्हणाले, “वीज देणारा भाग खालून हवा घेतो ना? मग पाय उंच पाहिजेत.” पेचकसनं यांच्याकडे जरा आदरानं बघितलं. उंच पायांचं मागवतो म्हणाला. गुरुवारी.

निघताना त्यानं हळूच विचारलं, “इतकं शांत कशासाठी हवंय, काकू? गाणं वगैरे रेकॉर्ड करता का?”

“आवाज ठेवायचाय,” मी म्हटलं. त्याला काय कळलं कोण जाणे. कव्हर मात्र घडी घालून दोन्ही हातांनी परत दिलं. “हे आता टीव्हीवर घाला.”

११ मार्च

आज एवढंच – मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा देतो, तेवढ्यासाठी छोट्याला बोंब मारत फिरावं लागतं. माझ्या ऑफिसातला हेडक्लार्क आठवला. छोटा पंखा होता तो.

१३ मार्च, गुरुवार

आलं! काळं, साधं, पुढून सगळं जाळीचं. पेचकस स्वतः घेऊन आला, जुन्या डब्यातलं सगळं जेवणाच्या टेबलावर काढून नव्यात बसवलं. तारा मागच्या पत्र्याआडून फिरवल्या. हवेच्या रस्त्यात एक दोरा नको, म्हणाला. पुढे दोन मोठे पंखे, मागे एक.

मग आमचं टेबल बघून थबकला. आमच्या संगणकाच्या टेबलाला डबा ठेवायला खाली कप्पा आहे, कप्प्याला दार, दाराला कडी. आम्ही डबा त्यात ठेवून दार लावायचो, वर कव्हर! “अहो, याला कोंडून, पांघरूण घालून ठेवलं होतंत तुम्ही!” हे पेचकस आणायला गेले. घरात आमचाही आहे एक. स्वतः दार काढलं, मग कप्प्याची मागची फळीही. फळी गॅलरीत ठेवून आल्यावर बराच वेळ हात धूत होते.

चालू केला. मी वाट बघतेय – काही नाही. “लावलात का?” “लावलाय.” “आवाज नाही!” कान टेकला तेव्हा कळलं, झोपलेल्या बाळाच्या उशाशी बसावं इतकाच.

पेचकस बजावून गेला – आवाज येत नाही म्हणून बंद समजू नका, हा निळा दिवा बघत जा. दिवा फार टोचतो डोळ्यांना. संध्याकाळी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

१५ मार्च

बेचाळीस वाक्यं. एकही लाल नाही!

१८ मार्च, मंगळवार

रोज सकाळी नाश्त्याआधी. ताठ बसते. हनुवटी वर. ‘गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे.’ ‘कृपया मला एक पेला पाणी द्या.’ ‘आज हवामान कोरडे राहील.’ हिरवं, हिरवं, हिरवं. सिस्टर असत्या तर पट्टी धरून बसल्या असत्या समोर. वाचाताईचा फोन आला, “काकू, इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी कोणाचं ऐकलं नाही! पण घरात बोलता तसंच बोलताय ना?” “हो तर,” म्हटलं.

यादी संपत आली. गंमत म्हणजे आता वाईट वाटतंय. रोज जाळीसमोर पट्टी धरून बघते, चप्प चिकटते.

१९ मार्च

वाचाताईनं आज नंतरचं सगळं दाखवलं. रबराचा गळा आहे तिच्याकडे. गळ्याच्या खाली पुढे भोक असेल, कायमचं. श्वास तिथूनच, नाकातोंडातून नाही. त्यावर छोटी गाळणी बसवायची, धूळ आत जाऊ नये आणि हवा ओलसर राहावी म्हणून. वरून पातळ कापडाचा पडदा.

मला घाबरायला हवं होतं. घाबरलेही. पण तोंडातून प्रश्न निघाला तो, “म्हणजे आत यायची आणि बाहेर जायची वाट एकच?”

“हो, एकच.”

“आमचा पेचकस नापास करेल हे कॅबिनेट.”

ती आधी गोंधळली, मग सगळं सांगितल्यावर खो खो हसली. हे नाही हसले. रिक्षात मात्र म्हणाले, “गाळणी धुवायचं माझ्याकडे. दोन्हीकडची.”

कापड कुठलं ते विचारून घेतलं. विरळ विणीचं हवं. म्हणजे माझं दोरे काढण्याचं काम! घरी येऊन टीव्हीवरून ते कव्हर काढलं. त्यातून गळ्याचे चार पडदे निघतील, जाईच्या फुलांसकट. ओठांशी धरून फुंकून बघितलं. पट्टी पलीकडे छान हलली.

२१ मार्च, शुक्रवार

आवाज तयार होऊन आला. टाईप करायचं की तो बोलतो. वाईट वाटायच्या आत मला आधी उत्सुकता! टाईप केलं – ‘ताई, मी बोलतेय. कशी आहेस? जेवलीस का?’ ताईला फोन लावला, फोन स्पीकरशी धरला, कळ दाबली. काय स्वच्छ वाजलं!

ताई म्हणाली, “मला काही विकत घ्यायचं नाही. दुपारच्या वेळी फोन करता, लाज नाही वाटत?” आणि आपटला.

मी आणि हे एकमेकांकडे बघतच राहिलो. पुन्हा लावला, स्वतःच्या घशानं बोलले. “अगं ताई, ती मी होते! संगणकातली!”

ती हसायलाच लागली, तिच्या त्या कवितेच्या मधल्या हसण्यानं. “तू? अगं ती पाठांतराची सिस्टर होती! मला वाटलं आता गुण कापणार!” हसता हसता तिचा आवाज वेगळाच झाला, मग म्हणाली दूध उतू जातंय.

यांना विचारलं, “खरं सांगा. मी अशी बोलते?”

हे म्हणाले, “छान आहे बाई. शिकलेली आहे. पण आपल्याकडे कधी राहिली नाही ती.”

२२ मार्च

चूक माझीच. समोर माईक आला की मी बक्षीस घ्यायला उभी राहते. पन्नास वर्षांची खोड.

वाचाताईला फोन केला. “काकू, यादी सोडा. नुसतं रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि घरातलं बोला. अर्धाएक तास सलग मिळालं तरी मी त्यावरून पुन्हा घडवायला देईन.”

सोपं वाटतं! माईकसमोर बसले, घरातलं बोलायला. “आज… भाजी… आणायची आहे.” हनुवटी वर! यांनी मला चिडवायचा प्रयत्न केला. चहा पाणचट झालाय म्हणाले. मी म्हटलं, “क्षमा करा, पुढच्या वेळी नीट करीन.” लग्नानंतर पहिल्यांदा! यांनी डोक्याला हात लावला. “तू माझ्यावर ओरडू शकत नाहीस? तू?”

त्यात आवाज सकाळीही आता बसलेला असतो. दिवस किती उरलेत ते मोजायचं नाही असं ठरवलं आहे.

२४ मार्च, सोमवार

सकाळी शेवटचा प्रयत्न. रेकॉर्डिंग लावलं, दहा मिनिटं बसले. आज कधी नव्हे तो आवाज स्वच्छ, आणि सांगायला एक वाक्य सुचेना. राहू दे म्हटलं. ती शिकलेली बाई बोलेल माझ्या वतीनं, पाणी तर मागेल. पडद्याचं बटण दाबलं आणि उठले. खोली शांत. होतीच म्हणा.

मग दिवस मात्र चांगला गेला. याच बाहेरच्या खोलीत, खाटेवर हॉस्पिटलची बॅग मांडली. यांनी स्वतःचे तीन बनियन भरले आणि माझा एकही गाऊन नाही! “अहो, ऑपरेशन कोणाचं आहे?” मग मीच कपाटात डोकं घालून चार्जर शोधतेय आणि हे दारातून हाका मारतायत, चहा गार होतोय. “येते हो, जरा दम धरा!” इतक्यात ताई आली, येताना माझ्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर! मार्चमध्ये! तिघं खूप हसलो. ताईनं सिस्टरची नक्कल केली, मी तिची केली, यांनी आमच्या दोघींची केली तेव्हा तर मी उशी फेकली. वरच्या शेल्फवरची भांडी उतरवताना यांना नेहमीसारखी बोललेच – चढू नका तुम्ही, पडाल, मग मला तिकडे ठेवतील नि तुम्हाला इकडे. ताई जाताना दारात थांबली. “बोल ना अजून,” म्हणाली. “काय बोलू?” “काहीही.” मग मी तिला शेजारणीच्या सुनेची अख्खी गोष्ट सांगितली, जोडे घालून उभ्याउभ्या ऐकली तिनं.

रात्री घसा पार बसला. बसू दे.

२६ मार्च

हॉस्पिटल. खाट खिडकीशी. शेवटचं वाक्य कोणतं असावं याचा विचार करत होते, चांगलंसं काहीतरी. नर्स उशीर झाला म्हणून यांना बाहेर काढायला लागली आणि मी म्हटलं, “अहो, गाळणी धुतलीत का?”

म्हणजे तेच झालं.

३ एप्रिल

नळ्या आहेत. दुखतं. लिहिता येतं. खोकला आला तर हवा गळ्यातूनच परस्पर निघून गेली, ओठांपर्यंत आली नाही. पट्टी हललीसुद्धा नसती.

हे घरून आले ते धावत. गाळणी धुवायला कॅबिनेटचं तोंड काढलं तर चिकटपट्टी निघाली हातात, आणि खाली निळा दिवा! चालूच होता, रेकॉर्डिंगसकट. त्या सोमवारी मी फक्त पडदा घालवला होता. जुना डबा असता तर घोंघों करून सांगितलं असतं त्यानं. याला मीच निवडलं होतं, इतकं शांत. बनियन, स्वेटर, शेजारणीची सून, सगळं ऐकून बसला होता तो. वाचाताई म्हणते, एवढं पुष्कळ झालं, यावरून पुन्हा घडवू.

यांनी फोन माझ्या उशीवर ठेवला आणि कळ दाबली.

“येते हो, जरा दम धरा!”

हे माझ्याकडे बघायचं विसरले. फोनकडेच बघत म्हणाले, “ये सावकाश. मी आहे.”